दादाचं लिव्हर आणि तुझी पीएचडी

पत्र थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून २६ वर्षांच्या मुलीनं लिहिलंय. बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी झाली आहे. घरी आई, मोठा भाऊ, वहिनी आणि भाच्चा. वडील दोन वर्षांआधी लिव्हरच्या कॅन्सरने गेले. त्यांना शुगर होती बरीच वर्षं, पण दारूला कधी हात लावला नाही, गळ्यात माळ, अंगाने काटक, तरी गावात अजून बोलतात की चोरून पीत असेल, त्याशिवाय लिव्हर खराब होते का. जायच्या सहा वर्षं आधीच्या सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर (लिव्हरमध्ये चरबी साचणं) लिहिलेलं होतं, तेव्हा कोणी काही बोललं नाही. आता ३७ वर्षांच्या दादाच्या रिपोर्टवर ग्रेड २ आलंय. तो कृषी केंद्र चालवतो, वजन ८२ किलो, उंची पाच फूट सहा इंच. आई त्याला एका वैदूचा काढा देते. मुलीनं नेट-जेआरएफ, म्हणजे पीएचडीच्या फेलोशिपची परीक्षा, काढलीय, आणि फॅटी लिव्हरमधून कॅन्सर कसा होतो याच विषयावर दुसऱ्या शहरातल्या लॅबमध्ये पीएचडीला निवड झाली आहे. काका म्हणतात तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात लाग. एक स्थळही आलंय, आणि त्या लोकांना वडिलांच्या कॅन्सरचं सांगायचं नाही असं घरात ठरतंय. ती विचारते: "हे आमच्या जीन्समध्येच आहे. मी गेली नाही तर दादालाही बाबांसारखं गमावीन, आणि गेली तर आई अन् दादाला इथं टाकून गेल्यासारखं होईल. ताई, मी काय करू?"

तुझ्या वयाच्या मुलीला अहो-जाहो करायला मला जमत नाही, म्हणून तूच म्हणते, चालेल ना. तुझ्या पत्रात बाबा, दादा, जीन्स, पीएचडी, काका, स्थळ हे सगळं एकाच गाठीत आलंय आणि मला वाटते त्रास त्या गाठीचाच जास्त आहे, कारण यातला एकेक प्रश्न वेगळा काढला तर त्याला बऱ्यापैकी उत्तर आहे, पण सगळे मिळून तुझ्या छातीवर बसलेत. म्हणून आपण आधी गाठ सोडवू आणि मग जायचं की राहायचं ते बोलू.

पहिले गावातलं बोलणं, कारण ते तुला किती लागलंय ते प्रत्येक ओळीत दिसते. दारू न पिता लिव्हर खराब होते, हे डॉक्टरांना खूप आधीपासून माहीत आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग यांनी १९८० साली अशा पेशंटवर लेख लिहिला होता, लिव्हरचा तुकडा तपासला तर दारुड्याच्या लिव्हरसारखाच दिसायचा पण माणूस पीत नव्हता. आणि "काटक माणसाला कसं होईल" याचंही उत्तर आपल्याच देशात आहे. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात, म्हणजे अगदी खेड्यापाड्यात, डॉक्टरांनी १,९११ लोकांची तपासणी केली होती, २०१० साली ते छापून आलं. तिथं शंभरात जवळपास नऊ लोकांना फॅटी लिव्हर निघालं आणि त्यातल्या दर चारांपैकी तिघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २५ च्या खाली होता, म्हणजे खेड्यातली साधी, लठ्ठ नसलेली माणसं. आपल्या लोकांची चरबी हातापायावर दिसत नाही, ती पोटात आणि लिव्हरमध्ये जाऊन बसते, त्यात शुगर असली तर आणखीनच. तुझ्या बाबांसारखे लोक विदर्भात गावोगावी आहेत आणि त्यांच्यापैकी बरेच जण याच भीतीनं रिपोर्ट लपवतात की लोक आपल्याला बेवडा म्हणतील. ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी हे मोठ्यानं सांगायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ज्याचं लिव्हर दारूनं खराब झालंय त्यालाही उपचार आणि माया लागतेच, हेही तेवढंच खरं.

आता एक गोष्ट जरा सांभाळून विचारते. बाबांचा कॅन्सर फॅटी लिव्हरमुळेच झाला हे तुला पक्कं माहीत आहे का? तू तसं गृहीत धरलंयस, आणि शुगर बघता ते बरोबरही असू शकते, पण जगात लिव्हर कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण अजूनही हिपॅटायटिस बी आणि सी चे व्हायरस आहेत. बाबांची फाईल काढ आणि त्यात एचबीएसएजी (बी साठी) आणि अँटी-एचसीव्ही (सी साठी) हे दोन रिपोर्ट शोध. निगेटिव्ह असतील तर एक मोठी शंका मिटली. फाईलमध्ये सापडलेच नाहीत तर तू, दादा, आई, वहिनी आणि लेकरू, सगळ्यांनी ही तपासणी करून घ्या, कारण हिपॅटायटिस बी घरातल्या घरात, आईकडून बाळाला, एकाच वस्तऱ्यानं दाढी करून असा पसरतो आणि वीस-तीस वर्षं चूप बसून राहतो. २०१८ पासून सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, सरकारी दवाखान्यात याची तपासणी आणि औषध फुकट मिळते. बी निगेटिव्ह निघाल्यावर मोठ्या माणसांनाही त्याची लस घेता येते, शून्य, एक आणि सहा महिने अशी. बाळांना तर जन्मल्याबरोबर देतातच, तुझ्या भाच्चाचं कार्ड बघून घे. हे सगळं मी फक्त तुझ्यासाठी लिहीत नाहीये, ज्यांच्या घरात कोणी लिव्हरच्या दुखण्यानं गेलंय त्या सगळ्यांनी करावं.

मग जीन्स. "आमच्या जीन्समध्येच आहे" हे वाक्य तू तीनदा लिहिलंस, आणि तू विदर्भातली आहेस म्हणून मला कळते ते कुठून आलं. आपल्याकडे जीन म्हटलं की सिकलसेल, तो रक्ताचा आजार, आठवते. शाळेत तपासणी, हातात कार्ड, एसएस म्हणजे आजारी आणि एएस म्हणजे वाहक, आणि दोन वाहकांचं लग्न असेल तर आधी विचार करा. तिथं एका अक्षराच्या बदलानं आजार ठरतो. फॅटी लिव्हरचं तसं नाहीये ग. २००८ साली अमेरिकेत डॅलसच्या हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांच्या टीमनं पीएनपीएलए३ नावाच्या जीनमधला एक बदल शोधला, प्रथिनात १४८ नंबरच्या जागी आयसोल्युसिनऐवजी मिथिओनिन येते, बस. ज्यांना आई आणि बाप दोघांकडून हा बदल मिळाला त्यांच्या लिव्हरमधली चरबी बाकीच्यांपेक्षा दुपटीहून जास्त निघाली. ते बदललेलं प्रथिन पेशीतल्या चरबीच्या थेंबांवर साचत जाते, पेशीला ते काढून टाकता येत नाही, आणि चरबी फोडायचं काम अडते. अशा लोकांत सिरोसिस (लिव्हर कडक होऊन आकसणं) आणि कॅन्सरचा धोका वाढतो हेही पुढे सिद्ध झालं.

पण यातला महत्त्वाचा भाग पुढे आहे आणि तो लोक सांगत नाहीत. हा बदल असलेले कितीतरी लोक आयुष्यभर ठणठणीत राहतात. त्याचा जोर वजन वाढलं की वाढतो, बारीक माणसात तो फारसा दिसत नाही. आणि हाँगकाँगला खाणं-व्यायाम बदलून बघितलं तेव्हा ज्यांच्यात हा बदल दोन्हीकडून होता त्यांच्याच लिव्हरमधली चरबी जास्त उतरली. म्हणजे ज्याला धोका जास्त त्याला फायदाही जास्त. याच्या उलट एचएसडी१७बी१३ नावाचा दुसरा जीन आहे, त्यातल्या एका बदलानं लिव्हर उलट वाचते, ते २०१८ ला कळलं. तुमच्या घरात काय आहे काय नाही कोणाला माहीत. दादाची जीन टेस्ट करू का असं विचारलंस, तर माझं उत्तर नको. रिपोर्ट काहीही आला तरी दादाला जे करायचंय ते तेच राहणार, आणि वाईट आला तर तो हात टेकवील, आणि स्थळवाल्यांच्या कानावर गेलं तर त्याचा अर्थ सिकलसेलसारखाच लावतील. ते पैसे फायब्रोस्कॅनला, म्हणजे लिव्हर किती कडक झालं ते मोजणाऱ्या तपासणीला, ठेव.

आणि घराण्यातून येणाऱ्या सगळ्याच गोष्टी जीनमधून येत नाहीत. एकच चूल, तेच तेल, तोच चहा, हेही बापाकडून पोराकडे येते, आणि ते बदलता येते.

आता दादाचे आकडे, तू रिपोर्टचा फोटो पाठवलास ते बरं केलं. सोनोग्राफीवरचा ग्रेड वाचून तू घाबरलीस, पण तो ग्रेड फक्त चरबी किती चमकते ते सांगतो, लिव्हर किती कडक झालं ते नाही सांगत. लिव्हरच्या दुखण्यात पुढे काय होईल ते मुख्यतः त्या कडकपणावर, म्हणजे फायब्रोसिसवर ठरते. ग्रेड ३ असून फायब्रोसिस शून्य असू शकते आणि ग्रेड १ असून बरंच असू शकते. मला वाटते बाबांच्या वेळी हीच चूक झाली असेल, ग्रेड १ बघून सगळे निवांत झाले. तू एमएस्सी असून तुला कळलं नाही असं स्वतःला लावून घेतलंस, पण तेव्हा तू कॉलेजात पहिल्या-दुसऱ्या वर्षाला होतीस आणि ज्यांचं ते काम होतं त्यांनीही काही सांगितलं नव्हतं. आधी कळलं असतं तर काही करता आलं असतं का, कदाचित आलं असतं, मी खोटं नाही बोलत. पण ते तुझ्या एकटीच्या नावावर लिहू नको.

फायब्रोसिसचा अंदाज घ्यायला फिब-४ नावाचा साधा हिशोब आहे, मोबाईलवर होतो. वय गुणिले एसजीओटी, त्याला भागायचं प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ यांनी, प्लेटलेट हजारात घ्यायच्या (एसजीओटी आणि एसजीपीटी हे लिव्हरच्या रक्ततपासणीतले आकडे). दादाचं वय ३७, एसजीओटी ५२, एसजीपीटी ७८, प्लेटलेट दोन लाख दहा हजार म्हणजे २१०. उत्तर येते १.०४ च्या आसपास. १.३ च्या खाली असलं तर जास्त फायब्रोसिस असायची शक्यता कमी, २.६७ च्या वर गेलं तर लिव्हरच्या डॉक्टरकडे तडक जायचं, आणि मधात असलं तर फायब्रोस्कॅन करायचा. (३५ च्या खालच्या आणि ६५ च्या वरच्या लोकांत हा हिशोब नीट लागू पडत नाही, म्हणून बाकीच्या वाचकांनी घरात सगळ्यांचा काढत बसू नये.) म्हणजे दादा आज बाबांच्या शेवटच्या वर्षाच्या जागी उभा नाहीये. तो खूप अलीकडे आहे. त्याची तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ६.३ आहे, ती डायबेटिसच्या उंबरठ्यावरची आहे, माझं लक्ष लिव्हरपेक्षा तिकडे जास्त गेलं. फॅटी लिव्हरवाल्यांपैकी लिव्हर कॅन्सर होणारे फार थोडे असतात, जास्त लोक जातात हार्टनं. बीपी आणि कोलेस्टेरॉलही करून घ्या.

त्याच्यासाठी करायचं काय, तर वजन. ५ टक्के उतरलं की चरबी कमी व्हायला लागते, ७ ते १० टक्के उतरलं तर सूज उतरते, आणि १० च्या वर गेलं तर बऱ्याच जणांचं फायब्रोसिससुद्धा मागे येते. दादाचं ८२ वरून ७६ झालं की ७ टक्के झाले, ७४ च्या खाली गेला तर दहा. हे वर्षभरात करायचं, महिन्याभरात नाही, उपाशी राहून धडाक्यात वजन पाडलं तर लिव्हर उलट बिघडू शकते. तू लिहिलंस तो दुकानात दिवसाला सात-आठ कप चहा घेतो, कपात दोन चमचे साखर धरली तर सत्तर-ऐंशी ग्रॅम साखर नुसत्या चहातून झाली, आणि साखरेतला अर्धा भाग फ्रुक्टोज असतो ज्याची लिव्हर सरळ चरबी बनवते. त्यावर सकाळी चौकातले तर्री-पोहे, आलूबोंडा, उन्हाळ्यात कोल्ड्रिंक. पहिले चहाची साखर अर्धी, मग पाव, कोल्ड्रिंक बंद. बाबांच्या वेळी निंदण-डवरणी हातानं व्हायची, आता तणनाशक मारलं की झालं, आणि वावरापर्यंतही गाडीवर जाणं होते, म्हणून अर्धा-पाऊण तास रोज पायी जाऊन यावं लागेल, दुकान उघडायच्या आधी. खर्रा (तंबाखू-सुपारी) खात असेल तर तो सोडायचाच, त्याचं कारण तुला सांगायला नको. बाबांचं बघून तो दारू पीत नसेल, पण "कधी कधी पार्टीत" असेल तर तेही नको, चरबी आणि दारू एकत्र आली की नुकसान दोन्हीच्या बेरजेपेक्षा जास्त होते.

आईच्या काढ्याचं नीट हाताळ. त्यात काय आहे ते वैदू सांगत नाही, आणि लिव्हर सुजलेलं असताना माहीत नसलेलं काहीही पोटात घालणं धोक्याचं आहे. कोरोनाच्या काळात गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले होते, आणि गुळवेल तर सगळ्यांना निरुपद्रवी वाटते. पण आईला "हे अंधश्रद्धा आहे" म्हणून तोंड बंद करू नको. तिनं नवरा गमावलाय, पोरासाठी हातानं काहीतरी करणं तिला हवंय. तिला दुसरं काम दे जे खरंच उपयोगाचं आहे. घरातलं तेल तिच्या ताब्यात दे, माणशी महिन्याला साधारण अर्धा किलो, त्यात सगळं बसवायचं. रात्री ज्वारीची भाकर, आंबाडी नाहीतर चवळीची भाजी, तुरीचं घट्ट वरण, आणि भाताचा डोंगर कमी. हे तिला येते, हे तिचंच जेवण आहे, मधल्या काळात मागे पडलेलं.

आणि तिला एक गोष्ट अजून सांग, बुरशी लागलेले शेंगदाणे आणि मका घरात ठेवायचा नाही. निवडून, भाजून चालवून घेऊ असं आपल्याकडे करतात, पण त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, भाजून-शिजवून पूर्ण जात नाही. १९७४ साली राजस्थान आणि गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात पावसात भिजलेला मका खाऊन लिव्हर निकामी झाले, शंभरावर लोक गेले. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर कॅन्सर. बुरशी लागलेली सरकीची ढेप जनावरांना दिली तर दुधातूनही ते येते. तुला यातली मॉलिक्युलर गोष्ट माहीत असेलच, हे विष पी५३ या, पेशीची वाढ आवरणाऱ्या जीनमध्ये २४९ व्या कोडॉनवर (तीन अक्षरांच्या गटावर) एक ठरावीक बदल करते, जी या अक्षराचं टी होते, आणि १९९१ ला चीन आणि आफ्रिकेतल्या पेशंटच्या गाठींमध्ये तोच बदल पुन्हा पुन्हा सापडला. कोणत्या कारणानं गाठ झाली ते डीएनए स्वतः सांगते, मला हा विषय आवडायला लागला तो तिथूनच.

आणि आता तुझी पीएचडी. तू लिहिलंस की तू गेली तर दादाला वाचवणारं काही शोधशील. पोरी, तसं होणार नाही, आणि हे मी तुला थांबवायला म्हणत नाहीये. लुडविग यांचा लेख १९८० चा, आणि या आजाराचं पहिलं औषध, रेस्मेटिरोम, अमेरिकेत मंजूर झालं मार्च २०२४ मध्ये. चव्वेचाळीस वर्षं. मधात शेकडो लॅब, हजारो उंदीर, कितीतरी पडलेल्या ट्रायल. पीएनपीएलए३ चा बदल सापडून इतकी वर्षं झाली आणि त्याच्यावर नेम धरणारी औषधं अजून ट्रायलमध्येच आहेत. तुझी पाच-सहा वर्षं त्या कामात एक वीट लावतील, ती वीट खरी असेल, पण दादाच्या लिव्हरपर्यंत ती त्याच्या चाळिशीत पोचणार नाही. दादाला जे लागते ते आधीच माहीत आहे आणि ते गावातच होते. ते करायला पीएचडी लागत नाही, आणि तू पीएचडी केली नाहीस म्हणून ते थांबत नाही.

मग पीएचडी कशासाठी? हा प्रश्न तू स्वतःला बाबा आणि दादा दोघांना बाजूला ठेवून विचार. तुझ्या पत्राच्या शेवटच्या पानावर तू एक परिच्छेद लिहिलास, की चरबी भरलेली पेशी मरते ते समजते, पण मरायला टेकलेली पेशी कॅन्सर होऊन वाढायला कशी लागते हे डोक्यातून जात नाही. तो परिच्छेद बाकी पत्रापेक्षा वेगळा आहे. तिथं भीती नाहीये, कुतूहल आहे. आणि हाच प्रश्न आज या क्षेत्रात सगळ्यात गरम आहे. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या टीमचा २०२५ च्या सुरुवातीला नेचर या विज्ञान नियतकालिकात पेपर आला, वाचला नसशील तर वाच. त्यांनी दाखवलं की चरबी-साखरेच्या माऱ्यानं लिव्हरच्या पेशींच्या डीएनएला इजा होते, मग त्या विभाजन थांबवून म्हाताऱ्यासारख्या बसून राहतात, एफबीपी१ आणि पी५३ ही प्रथिनं त्यांना रोखून धरतात. पण काही पेशींत ही दोन्ही प्रथिनं नष्ट केली जातात आणि ती पेशी इजा झालेला डीएनए घेऊनच पुन्हा वाढायला लागते. म्हणजे कॅन्सर अशा पेशीतून येतो जी आधी स्वतःला थांबवून बसली होती. याच्या पुढे किती प्रश्न आहेत बघ. सिरोसिस नसताना काही लोकांना गाठ का होते, ज्यांचा बीएमआय २३ आहे अशा आपल्या लोकांत हे असंच होते का, पेशीला न थांबता वाढू देणाऱ्या टर्ट जीनच्या सुरुवातीच्या भागातला बदल नेमका कधी शिरतो, इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर वळवणारे उपचार) फॅटी लिव्हरमधून आलेल्या गाठीवर कमी चालते की काय अशी शंका का येते. यातलं काही वाचून तुला रात्री झोप लागत नसेल, तर जा. नुसतं बाबांचं ऋण म्हणून जात असशील तर तिसऱ्या वर्षी, जेव्हा वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं तपासायचा प्रयोग) सहा महिने येत नाही आणि गाईडचा फोन उचलावासा वाटत नाही, तेव्हा ते ऋण पुरत नाही. मी अशा मुली बघितल्यात, हुशार, मायाळू, आणि अर्ध्यात मोडलेल्या.

तुझं पत्र वाचून मला वाटते तुझ्यात दोन्ही आहे, आणि कुतूहल जास्त आहे. माझं मत जा असंच आहे.

पण डोळे उघडे ठेवून. जॉइन व्हायच्या आधी त्या लॅबमधल्या आत्ताच्या आणि निघून गेलेल्या विद्यार्थ्यांना फोन कर, किती वर्षांत झाली, किती जणांनी सोडली, सुट्टी मागितली तर काय होते ते विचार. प्रोजेक्टचा पैसा किती वर्षांचा आहे ते विचार. उंदरांवर काम आहे की पेशंटच्या सॅम्पलवर, आणि सॅम्पल असतील तर कुठल्या हॉस्पिटलशी करार झालाय. जॉइनिंग दोन-तीन महिने पुढे ढकलता येते का तेही लाज न बाळगता विचार, घरचं कारण सांगून. जेआरएफ महिन्याला ३७,००० आहे, घरभाडं वेगळं, दोन वर्षांनी ४२,०००. काकांना हे कागदावर दाखव, आणि त्यांना विचार की ज्युनिअर कॉलेजातली जागा कायम आहे की तासिका तत्त्वावर. तुझ्या पत्रावरून मला ती तासिकेचीच वाटते, आणि काकांना बहुतेक पीएचडी म्हणजे फी भरून शिकणं वाटते. एवढ्यानं अर्धं भांडण मिटू शकते. ज्या वाचकांना जेआरएफ मिळालं नाही त्यांच्यासाठी बार्टी, सारथी आणि नागपूरची महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएचडी फेलोशिप आहेत, आपापल्या प्रवर्गाप्रमाणे जाहिराती बघत राहा.

मधला रस्ताही आहे, तो मी लपवत नाही. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज, नागपूरचं एम्स, अशा ठिकाणी प्रोजेक्टवर संशोधन सहायकाच्या जागा निघतात, वर्ष-दोन वर्षांच्या. घरापासून तीन-चार तासात राहून तुला कळेल की लॅब आपल्याला झेपते का, आणि दादाचं पहिलं वर्ष तुझ्या नजरेसमोर जाईल. पण तू आधीच निवडली गेली आहेस आणि विषय तुझाच आहे, तर फक्त अपराधी वाटते म्हणून हा रस्ता घेऊ नको. आई अन् दादाला टाकून जातेय असं लिहिलंस, पण दादा ३७ वर्षांचा आहे, एका लेकराचा बाप आहे, त्याची बायको त्याच्याजवळ आहे. तू त्याची नर्स नाहीस. पत्रात वहिनीचा उल्लेख एकाच ओळीत आलाय, आणि घरात रोज स्वयंपाक तीच करत असेल, तर आईच्या आधी तिच्याशी बोल. तिला रिपोर्ट समजावून सांग, फिब-४ चा हिशोब तिला शिकव, दादाच्या पुढच्या तपासणीची तारीख तिच्या मोबाईलमध्ये टाक.

स्थळाचं. लपवू नका, मी यावर ठाम आहे. बाबा कशानं गेले ते अख्ख्या गावाला माहीत आहे, ते त्या लोकांना आज नाही उद्या कळणारच, आणि मग कॅन्सरपेक्षा लपवल्याचा राग मोठा होईल. तूच बोल, मुलाशी, समोरासमोर. वडिलांना शुगर होती, लिव्हरचा कॅन्सर झाला, दारू पीत नव्हते, मी याच विषयावर काम करायला जाते आहे आणि पाच-सहा वर्षं लागतील. एवढं ऐकून त्याचा चेहरा कसा होतो ते तुला दिसेल. त्यानं विचारलं की "तुम्हालाही होईल का," तर खरं सांग की माझं वजन, शुगर, हिपॅटायटिस मी तपासून घेते. चांगलं स्थळ असेल तर थांबेल, आणि ते थांबणार नाहीत या भीतीनं घाईत होकार देऊ नको. काकांना वाईट वाटेल, पण बाबांबद्दल खोटं बोलून तुझा संसार सुरू झाला तर ते तुला आयुष्यभर टोचेल असं मला तुझ्या पत्रावरून वाटते.

जायच्या आधी एवढं करून जा: बाबांची फाईल, घरातल्या सगळ्यांची हिपॅटायटिस बी आणि सी ची तपासणी, दादाचा एक फायब्रोस्कॅन नागपूरला. त्याचा आकडा किलोपास्कलमध्ये येतो, आठच्या खाली असला तर काळजी कमी. मग वजन आणि शुगर दर तीन महिन्यांनी, एसजीपीटी सहा महिन्यांनी, फिब-४ वर्षानं, कारण शुगर उंबरठ्यावर आहे. कधी डॉक्टरांनी सिरोसिस म्हटलं तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी लागते, नुसत्या फॅटी लिव्हरला ती लागत नाही, तेव्हा प्रत्येक पोटदुखीला सोनोग्राफी करून घाबरत बसू नका. आणि काढ्याची बाटली डॉक्टरांना दाखवायला सोबत घेऊन जा, आईलाही घेऊन जा, तिच्यासमोरच त्यांना विचारू दे.